चार कुलपं आणि एक बॉलपेन

"आधी नमस्कार-चमत्कार करायचा, पासपोर्ट द्यायचा, आणि मग शांतपणे म्हणायचं, मला एक फायरआर्म डिक्लेअर करायचंय. 'माझ्याकडे गन आहे' असं वाक्य विमानतळावर कधीही म्हणायचं नाही." आम्ही दोघं दक्षिण आफ्रिकेत शिकारीला निघालो, तेव्हा विमानतळाच्या वाटेवर हे धडे मला माझ्या अमेरिकन शेजाऱ्याने गाडीत दिले. हा साठी ओलांडलेला निवृत्त इलेक्ट्रिशियन. शिकारीसाठी आफ्रिकेत चारदा जाऊन आलेला. त्याच्या सबुरीमुळे घरी आम्ही त्याला बुवा म्हणतो. त्याला ते माहीत आहे, अर्थ मात्र आम्ही 'गुरुजी' असा सांगितलाय.

काउंटरवरच्या मुलीला यात काहीच नवीन नव्हतं. तिने एक छोटं कार्ड पुढे केलं. बंदूक रिकामी आहे असं त्यावर लिहिलेलं होतं. मी सही केली, पेटी उघडली, कार्ड आत रायफलीशेजारी ठेवलं आणि पुन्हा चारही कुलपं लावली. कार्ड आतच ठेवायचं असतं. पेटीत बंदूक आहे अशी चिठ्ठी विमान कंपनीने बाहेरून लावायला लावू नये, असा अमेरिकेत कायदाच आहे. चोराला पत्ता कशाला द्या!

बंदूक आणि मी हे नातं तसं जुनं आहे. सिंधुदुर्गात आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरांनी भाताचा चिखल केला की ते रात्री मळ्यात जाऊन बार काढत. डुक्कर पडल्याचं मला तरी आठवत नाही, आवाजाचाच उपयोग जास्त. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. मग आजोबा ती जुन्या धोतरात गुंडाळून एसटीने घेऊन जायचे, मांडीवर आडवी ठेवून. कंडक्टर फक्त विचारायचा, "काय अण्णा, इलेक्शन इला?" बंदुकीसोबतचा प्रवास मी पाहिला तो एवढाच.

इथे प्रकरण जरा वेगळं. अमेरिकेतून विमानात बंदूक न्यायची तर ती रिकामी हवी, टणक पेटीत कुलूपबंद हवी, फक्त चेक-इन सामानात हवी आणि काउंटरवर सांगितलेली हवी. किल्ली किंवा आकडा प्रवाशाकडेच राहिला पाहिजे. हे नियम मी वाचले होते, म्हणून दोन चांगली कुलपं आणून पेटीच्या मधल्या दोन भोकांत लावली आणि बुवाला दाखवायला गेलो. त्याने पेटी जमिनीवर ठेवली, गुडघा टेकला, एका कोपऱ्यावरची कडी उघडली आणि झाकण वर ओढलं. टणक म्हणून घेतलेलं ते प्लास्टिक हळूच वाकलं आणि त्याची चार बोटं आत गेली.

"बोटं आत गेली म्हणजे पेटी उघडीच आहे."

पेटीला भोकं चार होती. मी कुलपं दोनच आणली होती, कारण कुलपांचा खर्च मला जास्त वाटला. हजार डॉलरच्या रायफलीसाठी वीस डॉलर वाचवणारा तो मीच. दुसऱ्या दिवशी जाड दांड्याची, एकाच किल्लीने उघडणारी चार कुलपं आणली. दांडा भोकात जेमतेम बसेल इतका जाड हवा, म्हणजे पहार घालायला फट राहत नाही. दोन किल्ल्यांपैकी एक गोफात ओवून गळ्यात घातली. आजोबा कपाटाची किल्ली जानव्याला बांधत, त्याची आठवण झाली. सुरक्षा तपासणीच्या कमानीत ती वाजली ते वेगळं.

कपड्यांच्या बॅगेला मात्र मी साधं, आकडे जुळवायचं 'टीएसए' कुलूप लावलं, ज्यावर पत्त्यांतल्या चौकटसारखं लाल चिन्ह असतं. टीएसए म्हणजे अमेरिकेतलं विमानतळांवर तपासणी करणारं सरकारी खातं. हे तुमच्याही बॅगेला असेल, दादरला घेतलेल्या बॅगेलाही असतं. बारकाईने पाहा, किल्लीच्या भोकाशेजारी टीएसए००७ किंवा असाच काही क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकाची मास्टर किल्ली तपासणाऱ्यांकडे असते, म्हणजे कुलूप न तोडता बॅग उघडता यावी. कल्पना वाईट नाही. पण 2014 मध्ये या किल्ल्यांचा फोटो एका मोठ्या वृत्तपत्रात छापून आला आणि 2015 मध्ये लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर चालणाऱ्या किल्ल्या बनवल्या. तेव्हापासून हे कुलूप म्हणजे दाराला लावलेली सुतळी. हे सगळं मला ठाऊक होतं, तरीही हातातली बॅग जड झाली म्हणून मी माझी दुर्बीण त्याच बॅगेत टाकली. पुढचं तुम्ही ओळखलं असेलच.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण खरा घोळ तिथे होतो. निघण्याआधी कुलूपबंद पेटी घेऊन कस्टम्सच्या कार्यालयात जायचं. तिथला अधिकारी रायफलीचा क्रमांक पाहतो आणि फॉर्म 4457 वर सही-शिक्का देतो. ही बंदूक आम्ही इथूनच नेली, असा तो दाखला. परतताना तो लागतो, आणि दक्षिण आफ्रिकेचे पोलीसही मालकीचा पुरावा म्हणून तोच मागतात. त्याच्या कोपऱ्यात एक तारीख छापलेली असते. ती त्या छापील नमुन्याच्या मंजुरीची मुदत, तुमच्या दाखल्याची नव्हे. पण परदेशातल्या पोलिसाला हे रात्री अकरा वाजता कोण समजावणार? बुवा दर वेळी नव्या नमुन्यावर सही घेतो. वाद घालण्यापेक्षा चक्कर परवडली, असं त्याचं म्हणणं. वाटेत युरोपात विमान बदललं तर तिथलीही वेगळी परवानगी लागू शकते, म्हणून आम्ही अमेरिकेतून थेट जोहान्सबर्गचं विमान धरलं. पंधरा तास. पाय सुजले.

काडतुसं विमानात माणशी पाच किलोपर्यंत नेता येतात. दक्षिण आफ्रिकेत एका बंदुकीमागे दोनशेची मर्यादा आहे, तीही त्याच बंदुकीत बसणारी. मी चाळीस नेली, किलोभर भरली. परत येताना एकतीस उरली होती.

जोहान्सबर्गला बंदुका सामानाच्या पट्ट्यावर येत नाहीत. पोलिसांच्या खोलीत जावं लागतं. तिथे बंदूक तात्पुरती देशात आणण्यासाठी पोलिसांचा एसएपीएस 520 हा अर्ज लागतो. काळ्या शाईत भरायचा आणि सही मात्र पोलिसासमोरच करायची. मी घरीच निळ्या पेनने झोकात सही ठोकून आलो होतो. खिडकीमागच्या बाईंनी अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कोरा अर्ज व काळं पेन सरकवलं. तोंडातून शब्द नाही. आमच्या तालुक्याच्या कचेरीतल्या अव्वल कारकुनाला लाजवेल अशी ती नजर होती. मग पेटी उघडून त्यांनी रायफलीवरचा क्रमांक एकेक आकडा बोट ठेवून वाचला. माझी चारही कुलपं जशीच्या तशी, पेटीवर फक्त ओरखडे.

उत्तरेला वॉटरबर्गच्या बाजूला जाताना दोन्हीकडे काटेरी झुडपांचं रान. जूनमध्ये तिथे थंडी, सगळं गवत पिवळं. उन्हाळ्यातल्या माळरानासारखं दिसतं, पण सकाळी हात गारठतात. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. तिथे कुंपण घातलेल्या शेतावरचा कुडू किंवा इम्पाला (दोन्ही हरणासारखी जनावरं) हा 1991 च्या कायद्याने मालकाचा समजला जातो. लोक गाई सोडून कुडू पाळायला लागले ते त्यातल्या पैशांमुळे. हे पटतं का, तर मला अर्धं पटतं. सोबत परवानाधारक शिकारी असावाच लागतो आणि तो 'नको' म्हणाला की बंदूक खाली.

पहिल्या दिवशी शिकार नाहीच. आधी निशाण्याची तपासणी. शंभर यार्डांवर पुठ्ठा लावला, मी तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, पण मध्यापासून चार इंच उजवीकडे. प्रवासात पेटी कुठेतरी आपटली असणार, किंवा पेटीतल्या फोमने स्कोप, म्हणजे रायफलीवरची नेम धरायची दुर्बीण, दाबला असेल. स्कोपच्या बाजूची टोपी काढून आतली चकती फिरवायची, एका टिचकीला निशाणा पाव इंच सरकतो. सोळा टिचक्या मोजल्या. कुलूप चोराला अडवतं, आपटण्याला नाही. ही तपासणी न करता पहिल्याच कुडूवर बार टाकला असता तर जखमी जनावरामागे दिवसभर वणवण झाली असती.

मग दुर्बीण काढायला बॅग उघडली. कुलूप जागेवर, आकडे मी ठेवले तसेच. कपड्यांची घडीही मोडलेली नव्हती. दुर्बिणीचं रिकामं कव्हर मात्र तिथेच, व्यवस्थित चेन लावून ठेवलेलं! कोणी, कुठे, हे कधीच कळणार नाही. वाटेत किती हातांतून बॅग गेली असेल कोण जाणे. मी मास्टर किल्लीवर संशय घेत होतो, तेव्हा बुवाने खिशातलं बॉलपेन काढलं. माझ्याच बॅगेच्या चेनच्या दातांत टोक खुपसलं आणि दाबलं. फट् करून दात सुटले. त्याने हाताच्या पंजाएवढी जागा उघडली, आत हात घातला, माझा एक मोजा काढून दाखवला. मग कुलपाने जोडलेल्या चेनच्या दोन्ही सरकत्या टोकांना धरून ती एकदा मागे-पुढे ओढली, आणि चेन पुन्हा मिटली. कुलूप तसंच लटकलेलं.

"चेन असलेल्या बॅगेला कुलूप लावतोस ते कशासाठी?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, चेन आपोआप उघडू नये म्हणून.

"हां, मग ठीक."

विमा कंपनीनेही नंतर पहिला प्रश्न तोच विचारला, कुलूप तुटलं होतं का? नव्हतं. पुढचं संभाषण लांबलं नाही.

उरलेले सहा दिवस मी बुवाची जुनी दुर्बीण उसनी घेऊन फिरलो. डाव्या डोळ्याचं भिंग जरा ढिलं, कुडूची शिंगं दोनदा झाडाच्या फांद्या वाटली आणि एकदा फांद्या कुडू वाटल्या. परतताना जोहान्सबर्गला बॅगेला प्लास्टिक गुंडाळून घेतलं. तिथे त्यासाठी यंत्रं घेऊन माणसं उभी असतात, आणि रांगही होती. बॅग गरगर फिरत पांढरी होत गेली. बुवाची स्वतःची कपड्यांची पेटी टणक, चेन नसलेली, कड्यांची. तो बाजूला कॉफी पीत उभा होता.