सतरा नंबरची पिन नक्की कुठली?

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डवर पायथनची पहिलीच स्क्रिप्ट चालली नाही की बहुतेक जण कोड तपासत बसतात. आधी वायर कुठे खोचलीय ते बघा.

जीपीआयओ म्हणजे प्रोग्रॅमने चालू-बंद करता किंवा वाचता येणारी पिन, आणि हेडर म्हणजे बोर्डवरची पिनांची दुहेरी रांग. जीपीआयओ 17 म्हणजे हेडरवरची 11 वी पिन. आणि हेडरवर मोजून 17 वी पिन म्हणजे थेट 3.3 व्होल्टचा पुरवठा! एलईडी तिथे लावला तर तो लागतो खरा, पण स्क्रिप्टने ऑफ कितीही म्हटलं तरी विझत नाही. बटणाला हीच चूक महागात पडते. त्याचं दुसरं टोक ग्राउंडला असतं, त्यामुळे दाबताक्षणी पुरवठा शॉर्ट होतो आणि बोर्ड बंद पडू शकतो. टर्मिनलवर 'पिनआउट' कमांड दिली की दोन्ही आकडे शेजारीशेजारी दिसतात.

एलईडीसोबत 330 ओहमचा रेझिस्टर हवाच. लाल एलईडीवर साधारण 2 व्होल्ट पडतात, उरलेल्या 1.3 व्होल्टमधून जेमतेम 4 मिलिअँपिअर वाहतो. तेवढा पुरतो. 5 व्होल्टचा सिग्नल मात्र कुठल्याच जीपीआयओला देऊ नका.

खरा घोळ बटणाचा. काहीच न जोडलेली इनपुट पिन अधांतरी असते; हात जवळ नेला तरी वाचन बदलतं. जीपीआयओ-झीरो लायब्ररीतलं 'बटन' आतला पुल-अप (पिनला 3.3 व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) आपोआप लावतं, म्हणून बटण पिन आणि ग्राउंडच्या मध्ये जोडायचं. दाबल्यावर पिनवर शून्य व्होल्ट, तरी लायब्ररी 'दाबलंय' म्हणते. उलटं वाटतं, पण बरोबर आहे. आतला पुल-अप 50 किलोओहमच्या आसपासचा, म्हणजे कमकुवत. वायर लांब असेल तर पिन आणि 3.3 व्होल्टच्या मध्ये बाहेरून 10 किलोओहमचा रेझिस्टर जोडा.

एकदा दाबून चार वेळा मोजलं जातंय? बटणाचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात. 'बटन'ला 'बाउन्स टाइम', म्हणजे थरथरीकडे दुर्लक्ष करायचा वेळ, 0.05 द्या. हा आकडा सेकंदात असतो. जुन्या आरपीआय-जीपीआयओ लायब्ररीत तो मिलिसेकंदात असे, त्यामुळे तिथला 50 जसाच्या तसा उचलू नका. ती लायब्ररी रास्पबेरी पाय 5 वर चालतही नाही, कारण तिथे पिना आरपी1 या वेगळ्या चिपकडे गेल्यात.

आणि एलईडी क्षणभर लागून विझत असेल तर स्क्रिप्ट संपलीय. संपताना लायब्ररी पिना सोडून देते. शेवटी स्क्रिप्ट संपू न देणारं 'पॉज' लिहा.