ऑफसाइड शिकवताना मॅक्रॅकन कशाला?

पोरांना फुटबॉलमधला ऑफसाइड समजावताना माझ्या तोंडी बिल मॅक्रॅकनचं नाव येतं आणि कडेला उभे असलेले पालक हमखास विचारतात, "सर, हा कोण?" तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

मॅक्रॅकन बेलफास्टचा, जन्म 1883 चा. तिथल्या डिस्टिलरी क्लबातून 1904 मध्ये तो न्यूकॅसल युनायटेड या इंग्लिश क्लबात आला आणि 1923 पर्यंत तिथेच राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळला. क्लबाने 1905, 1907 आणि 1909 ला जिंकलेली लीग, 1910 चा एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा), हे सगळं त्याच्या काळातलं.

पण मी त्याचं नाव घेतो ते त्याच्या एका पावलासाठी. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पास निघताना पुढच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरच्या संघाचे तीन जण लागत, नाहीतर तो खेळाडू ऑफसाइड, म्हणजे चाल बाद. आता दोन पुरतात. मैदानात मी चपला मांडून दाखवतो: एक गोलकीपरची, दोन बॅकच्या. समोरच्याचा पाय पाससाठी उचलला गेला, की त्याच क्षणी मॅक्रॅकनची चप्पल पुढे सरकवायची. मागे उरले दोघेच. ऑफसाइड! शिवाय लाइन्समनचा झेंडा वर गेला नाही, तरी दुसरा बॅक मागे असतोच. ते पाऊल अर्धा क्षण आधी पडलं तर समोरचा सावध होतो, उशिरा पडलं तर गोल बसतो. पोरं चपलांभोवती उकिडवी बसून हे पुन्हा पुन्हा करून बघतात.

ही युक्ती त्याच्या एकट्याची नव्हती, नॉट्स काउंटीच्या बॅकनीही ती वापरली होती. पण तिच्यात हात बसला तो याचा. परगावचे प्रेक्षक त्याच्या नावाने बोटं मोडत. न्यूकॅसलच्या स्टेशनात गार्डने शिट्टी वाजवली, तेव्हा पाहुण्या संघातला एक जण म्हणाला, "आत्ताच ऑफसाइड?" अशी एक गोष्ट तिकडे अजून सांगतात.

त्याने खेळाचा विचका केला असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. नियम सगळ्यांना सारखाच होता. त्याने तो इतरांपेक्षा बारकाईने वाचला होता. शेवटी 1925 मध्ये नियमच बदलला, तिनाचे दोन झाले. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगच्या सर्वांत वरच्या गटात, आदल्या मोसमात 1192 गोल झाले होते, पुढच्या मोसमात 1703.

आयर्लंडकडून खेळतानाही तो असाच ठाम होता. इंग्लंडच्या खेळाडूंना मिळतं तेवढं मानधन आम्हालाही द्या, असं त्याने मागितलं आणि ऐन उमेदीची कितीतरी वर्षं संघाबाहेर काढली. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्याला परत घेतलं. वाया गेलेल्या त्या वर्षांची मला आजही हळहळ वाटते.

पुढे तो हल सिटी या इंग्लिश क्लबाचा मॅनेजर झाला. 1930 मध्ये त्याच्या हलने एफए कपात त्याच्याच न्यूकॅसलला बाहेर काढलं आणि उपांत्य फेरी गाठली. त्याच मोसमात हल दुसऱ्या डिव्हिजनमधून खालीही घसरलं. मॅक्रॅकन गेला 1979 मध्ये, पंच्याण्णव वर्षांचा होऊन. नियम बदलल्यानंतरचा फुटबॉल त्याने पन्नासहून जास्त वर्षं पाहिला.