मामा कुणासाठी मेला?

ओळख जरा वाढली की प्रश्न येतोच. "तुमचा मामा इस्राएलच्या फौजेत मेला ना? मग ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये त्याच्या नावाने प्रार्थना कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळच्या नौगावला आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं असं आम्ही सांगतो. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद ठेवायचा, म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणत.

पूर्वी मी लगेच नावं फेकायची. अ‍ॅडमिरल सॅमसन आमचेच, 65 साली भारतीय आरमारात होते, वगैरे. आता नाही फेकत. दर वेळी दाखला काय म्हणून दाखवायचा?

दाखल्याचं आमच्या घराला वावडंच आहे. मामा इस्राएलमध्ये बीरशेबाला स्थिरावला, मोरोक्कोहून आलेल्या घरातल्या मुलीशी लग्न ठरलं, आणि तिथले लग्न नोंदवणारे म्हणाले, तू ज्यू कशावरून? 1962 मध्ये तसा हुकूमच निघाला होता. आमच्यातल्या कुणाला इतर ज्यूंत लग्न करायचं असेल, तर आईकडून जमेल तितकं मागे जाऊन चौकशी करायची. मामाचं पत्र आलं: "आई, तुझ्या आईच्या आईचा काही कागद आहे का?"

पत्र माझ्या आईने वाचून दाखवलं. आजी भडकली. "कागद? आमचा घाणा शनिवारी फिरत नव्हता, गावाला विचार म्हणावं!" आणि तिने खरंच गावाला विचारलं. आगरी, मराठे, कोळी, घरोघर फिरली. शाळामास्तरांकडून अर्ज लिहून घेतला: ही माणसं शनिवारी चूल पेटवत नाहीत, मुलाची आठव्या दिवशी सुंता करतात, आमच्या बापजाद्यांपासून असंच आहे. खाली अंगठेच अंगठे. पोलीस पाटलाचा शिक्का. अलिबागला जाऊन रजिस्टर पोस्टाने पाठवला. तिथल्या कचेरीने तो मामाला परत दिला. चालणार नाही म्हणाले.

ऑगस्ट 1964 मध्ये, जेरुसलेममध्ये आमच्या लोकांनी धरणं धरल्यावर, तिथल्या संसदेने सांगितलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. तोवर त्या मुलीचं लग्न दुसरीकडे झालं होतं. मामाने मग लग्न केलंच नाही.

6 ऑक्टोबर 1973, योम किप्पूर, आमचा प्रायश्चित्ताचा दिवस. आमच्याकडे दिवसभर दार बंद, उपास, पांढरे कपडे. रात्री उपास सुटल्यावर कुणीतरी रेडिओ लावला. इजिप्त आणि सीरियाने इस्राएलवर हल्ला केला होता. राखीव शिपाई म्हणून मामा सुएझच्या कालव्यावर होता. तार नंतर आली.

कद्दीश, म्हणजे गेलेल्या आईबापासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना, म्हणायला त्याला मूल नाही. म्हणून इथे. इतकं साधं उत्तर आहे, आणि ते मला पुरत नाही. ज्यांनी त्याला आजीचा कागद मागितला त्यांच्यासाठी तो मेला, असं मी वर्षानुवर्षं तावातावाने सांगत आले. पण 1952 मध्ये तेल अवीवला धरणं धरून आमची काही कुटुंबं भारतात परतली होतीच की. मामाला वाट माहीत होती. त्याला यायचं नव्हतं. त्याच्या वतीने रुसायचा अधिकार मला कुणी दिला? आणि कालव्यापलीकडे इजिप्तच्या आयांची पोरंही मेली, हेही कुणीतरी ऐकवतं. खरंच आहे ते. म्हणून मामाचं नाव घ्यायचं थांबवू का?

इस्राएलमधल्या अश्दोदची मावसबहीण उलट विचारते. तिथल्या दगडावर त्याचं नाव आहे, स्मरणदिनाला भोंगा वाजतो, अख्खा देश उभा राहतो. मग तुमचं तिकडे वेगळं काय चाललंय? तिच्याशी माझं अजून भांडण चालू आहे.