तुम्ही विचारलेत म्हणून: त्या स्वस्त गिटारवर एवढा खर्च कशाला?

हा प्रश्न मला कार्यालयात विचारला जातो, चवथीला घरी जमलेली चुलत भावंडे विचारतात, आणि मुलासाठी पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेले पालक तर मुद्दाम फोन करून विचारतात: आठ हजारांच्या गिटारवर तुम्ही पुन्हा जवळजवळ तेवढाच खर्च केलात, त्यापेक्षा आधीच चांगली का घेतली नाहीत? विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना उत्तर नको असते. मी मान खाली घालावी एवढीच त्यांची अपेक्षा असते. ती मी घालणार नाही. मात्र त्या खर्चातला प्रत्येक रुपया योग्य जागी पडला, असे म्हणण्याचे धाडसही माझ्याने होत नाही.

स्वस्त गिटारमध्ये नेमके काय स्वस्त असते, हे आधी सांगतो, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. माझी गिटार १९५४ साली फेंडर या अमेरिकी कंपनीने बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराची आहे: तारांची कंपने टिपणारे, एकेका वेटोळ्याचे तीन सिंगल कॉइल पिकअप, स्क्रूंनी धडाला जोडलेली मान, आणि तारा धडाशी ज्यावर बसतात तो स्प्रिंगांवर हलणारा ब्रिज. मान चिकटवण्याऐवजी स्क्रूंनी जोडायची ही रचनाच मुळी कारखान्यात भराभर तयार व्हावी म्हणून केलेली आहे, आणि जपानी कारखान्यांच्या नकला इतक्या सरस निघाल्या की १९८२ साली खुद्द फेंडरने स्क्वायर या नावाखाली जपानमध्येच गिटार बनवायला सुरुवात केली. आज धड आणि मान संगणकावर चालणारी यंत्रे कापतात, आणि ती यंत्रे स्वस्त गिटारचे लाकूड काही वाकडे कापत नाहीत. बासवुड किंवा पॉपलर म्हणजे हलक्या प्रतीचे लाकूड म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी महागड्या जपानी गिटारची माहिती काढून पाहावी. त्यांतल्या कितीतरी बासवुडच्याच आहेत. किमतीत काटकसर होते ती माणसाच्या हाताच्या कामात. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, एका पातळीत आणणे, त्यांची टोके घासून गुळगुळीत करणे, आणि मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीतून जातात त्या नटच्या खाचा तारेगणिक योग्य खोलीपर्यंत कापणे, या कामांना वेळ लागतो, आणि तो वेळ आठ हजारांत बसत नाही. म्हणून ते काम अर्धवट सोडलेली गिटार खोक्यात भरली जाते, आणि ज्याला त्यातले सर्वांत कमी कळते त्या नवशिक्याच्या हातात येते.

हे मला कसे कळले, ते सांगायचे मी इतकी वर्षे टाळत आलो.

आमच्या घरात पेटी होती. वडील देवळात भजनाला साथ करत, आणि एखादा सूर उतरलेला असला तर पेटी उघडून ती पत्ती स्वतः घासून ठीक करत. सूर लागला की नाही, एवढे कळायला मला कोणाच्या शिकवणीची गरज नव्हती. तिशी उलटल्यावर गोव्यातल्या फोंड्यात एका क्लासला जाऊ लागलो, तेव्हा बोटे जड होती, लय डगमगत होती, हे मी नाकारत नाही. पण ई मेजर हा साधा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचा स्वरांचा गट, लावला की तिसऱ्या तारेचा सूर चढलेला मला स्वच्छ ऐकू येई. शिक्षक माझ्याहून बरेच लहान होते. मी त्यांना सर म्हणत असे आणि ते मला काका. सुट्या तारा ते स्वतः लावून देत, ट्यूनरची सुई मधोमध उभी राही, आणि कॉर्ड वाजवला की तो पुन्हा बेसूर. ‘काका, तुम्ही फार जोरात दाबता,’ असे ते आधी म्हणाले. जोरात दाबल्याने सूर चढतो हे खरे आहे, म्हणून मी हलके दाबू लागलो, तर तार खरखरू लागली. मग त्यांनी निदान बदलले: ‘तुमचा कान अजून तयार व्हायचा आहे.’ चढलेला सूर ज्याला पहिल्या दिवसापासून खुपत होता, त्यालाच हे सांगितले जात होते.

वर्षअखेरीस क्लासचा कार्यक्रम ठरला. आम्ही काही जणांनी ओळीने उभे राहून एका गाण्याला साथ करायची होती. बाकी सगळी शाळकरी मुले, आणि मी. सरावाच्या वेळी सरांनी सुरुवातीचाच कॉर्ड पुन्हा पुन्हा थांबवला, प्रत्येकाला एकेकट्याने वाजवायला लावले, आणि मग माझ्याजवळ येऊन, मुलांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात म्हणाले, ‘काका, कार्यक्रमात तुमची केबल अ‍ॅम्पला लावायला नको. तुम्ही वाजवत राहा. ओळ भरलेली दिसेल.’ मी हो म्हणालो. नाही म्हणून घरी जाता आले असते, पण पत्नी आणि वडील येणार होते आणि त्यांना काय सांगायचे ते सुचेना. त्या संध्याकाळी माझ्या केबलचे एक टोक गिटारमध्ये होते आणि दुसरे अ‍ॅम्पच्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या, मागे जमिनीवर पडलेले. मी संपूर्ण गाणे वाजवले. अंगात घामाची धार होती, आणि मनात एकच विचार होता की टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणाची नजर त्या टोकाकडे तर गेली नसेल. घरी परतताना वडील म्हणाले, ‘तुझी गिटार काही ऐकू आली नाही रे.’ मी म्हणालो, ‘गर्दी होती.’ त्यांनी पुढे काही विचारले नाही. जन्मभर साथ केलेल्या माणसाला साथीतला एक आवाज कमी असल्याचे कळले नसेल, यावर माझा विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी रागाच्या भरात मी ट्यूनर लावून एकेक तार तपासली. तिसरी तार सुटी वाजवली की सुई मध्यावर. पहिल्या फ्रेटवर दाबली, जशी ती ई मेजरमध्ये दाबतात, की वीस सेंटच्या पुढे. एका अर्ध्या स्वरात शंभर सेंट असतात, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाहून अधिक चढ. बाराव्या फ्रेटवर तीच तार पुन्हा नीट. माझ्या बोटांचा किंवा कानाचा दोष असता, तर तो मानेच्या एकाच टोकाला दिसला नसता. नटची खाच उथळ असली की तार पहिल्या फ्रेटच्या फार वर राहते; दाबताना ती जास्त ताणली जाते आणि तेवढा सूर चढतो, आणि नटपासून दूर जावे तसा हा परिणाम ओसरत जातो. तपासायला उपकरणसुद्धा लागत नाही. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरावी आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते पाहावे. कागद जेमतेम सरकेल एवढी पुरे असते. माझ्या गिटारवर ती लांबूनही दिसत होती.

मडगावच्या बाजूला व्हायोलिन दुरुस्त करणारे एक वयस्क मेस्त, म्हणजे कारागीर, आहेत. चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन शिकवले गेल्याने त्या भागात असे हात अजून टिकून आहेत. त्यांनी गिटार उचलून डोळ्यांसमोर आडवी धरली, बोट ठेवले आणि म्हणाले, ‘हांगा तार चड वयर आसा.’ इथे तार फार वर आहे. बस, एवढेच. प्लॅस्टिकचा नट काढून त्यांनी हाडाचा बसवला, खाचा बारीक कानशीने कापल्या, आणि दोन माणसांच्या जेवणाएवढे पैसे घेतले. ई मेजर सुरात वाजला. क्लासला मी पुन्हा गेलो नाही.

सरांना हे जाऊन दाखवावे, असे अनेकदा वाटले. कधी वाटते, त्यांच्यापुढे पंधरा मुले होती, एका प्रौढ विद्यार्थ्याच्या नटची खाच पाहायला त्यांना वेळ कुठला. मग आठवते की माझ्या तारा दर वेळी तेच लावून देत होते, आणि एक तार पहिल्या फ्रेटवर दाबायला एक क्षण लागतो. माझा राग अजून गेलेला नाही, आणि गिटारवरच्या खर्चाच्या मागे तो राग आहे का, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर मला सरळ देता येत नाही.

कारण खर्च तिथे थांबला नाही, आणि त्याची सुरुवातही तिथे झाली नव्हती. नटच्या आधीच मी पिकअप बदलले होते. मूळच्या पिकअपमध्ये लोखंडी खुंट्यांखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली होती. नवे आणले ते अल्निकोचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाच्या मिश्रणातल्या चुंबकांचे, ज्यांत प्रत्येक खुंटी स्वतःच चुंबक असते. त्या काळात जो विचारेल त्याला मी ठासून सांगत असे की आधी पिकअप बदला, बाकीचे नंतर. आज मी त्या माणसाशी भांडतो. त्याला म्हणतो, आवाज तिखट येत होता तर आधी स्क्रूड्रायव्हरने पिकअप तारांपासून दोन मिलिमीटर खाली घ्यायचे होतेस. फुकटात निम्मा फरक पडला असता. शिवाय व्हॉल्यूमचे पॉट, म्हणजे बटणामागचा बदलता रोधक, उघडून पाहायचे होतेस: ते ५०० किलोओहमचे होते, सिंगल कॉइलला साधारणपणे २५० चे लावतात, आणि रोध जास्त असला की वरचे सूर अधिक टोचतात. तो माणूस गप्प बसत नाही. तो म्हणतो, हे तुला कळले कशाने? सोल्डरिंग आयर्न हातात धरलेस ते त्या पिकअपपायी. आणि घरातल्या ट्यूबलाइटसोबत होणारी घरघर कमी झाली तीही त्यांमुळेच, कारण मधल्या पिकअपचे वेटोळे उलट गुंडाळलेले आणि चुंबक उलटे बसवलेले आहे, दोन पिकअप एकत्र लावले की विजेची घरघर एकमेकांत मरते. या वादात मी अजून जिंकलेलो नाही.

ब्रिजखालच्या, स्प्रिंगा ज्याला अडकवतात त्या ठोकळ्याविषयी मात्र माझ्यापाशी समर्थन नाही. जस्ताच्या मिश्रधातूचा ठोकळा काढून पोलादी बसवावा म्हणून मागवला, तर गिटारचे धड नेहमीपेक्षा पातळ, ठोकळा मागून बाहेर येऊ लागला. तारांमधले अंतरही जुळेना, कारण अमेरिकी मापाचा जुना ब्रिज सुमारे ५६ मिलिमीटर रुंदीत तारा बसवतो आणि आशियाई बनावटीचे अनेक ब्रिज ५२ च्या आसपास. तो पोलादी ठोकळा आता कागदांवर ठेवायला वापरतो.

‘चांगली का घेतली नाहीत’ म्हणणाऱ्यांना मी एवढे जरूर सांगेन की चांगली गिटारही याच गोव्यातल्या पावसात राहणार होती. जूनपासून हवेत जो ओलावा भरतो, त्यात तारा काही आठवड्यांत काळवंडतात, ब्रिजवर तारा ज्यावर टेकतात त्या सॅडलचे बारीक स्क्रू गंजून बसतात, स्विच कुरकुरतो, आणि मानेचा बाक इतका बदलतो की मानेच्या आतल्या ट्रस रॉड या सळईला पाव फेरा द्यावा लागतो. तो पाव फेरा द्यायला मी या गिटारवर शिकलो, कारण मान बिघडली तर आठ हजारांचे नुकसान होते. साठ हजारांच्या गिटारला मी हात लावला नसता. ती दर पावसाळ्यात कोणाकडे तरी पोचवत राहिलो असतो. यावर माझा एक मित्र म्हणतो की साठ हजारांच्या गिटारला दुरुस्तीची एवढी गरजच पडली नसती. गंजाला किंमत कळत नाही, हे त्याला मान्य आहे. नटच्या खाचांबाबत त्याचे म्हणणे मलाही खोडता येत नाही.

पालकांना मी हल्ली सांगतो की गिटार कोणतीही घ्या, पण आणल्याच्या आठवड्यात जाणकाराकडे नेऊन नट, मानेचा बाक आणि तारांची उंची ठीक करून घ्या. बाराव्या फ्रेटवर दीड ते दोन मिलिमीटर उंची मुलाच्या बोटांना सोसते. पिकअपसाठी पैसे बाजूला काढू नका. ते ऐकतात, आणि बहुतेक वेळा काही दिवसांनी पुन्हा फोन करून कोणते पिकअप घ्यावेत असे विचारतात.

सध्याचा प्रश्न निराळाच आहे. इतक्या वर्षांच्या वापराने पहिल्या तीन फ्रेटवर तारांखाली खड्डे पडले आहेत, आणि घासून पातळीत आणण्याइतकी उंची त्यांत उरलेली नाही, असे मेस्त सांगतात. सगळे फ्रेट नवे बसवायची मजुरी गिटारच्या मूळ किमतीहून जास्त होईल. तेवढ्या पैशांत नवी स्वस्त गिटार येते, जिच्या नटच्या खाचा पुन्हा उथळच असतील. मी अजून काही ठरवलेले नाही; पाऊस सरेपर्यंत मेस्त हे काम हातात घेणार नाहीत, त्यामुळे घाईही नाही.