जठर नाही, पण कावळे आहेत

सकाळी नऊला खाद्य पडणार असेल, तर साडेआठपर्यंत गोल्डफिश आपल्या उद्योगात असतात. तळाचा खडा तोंडात घ्यायचा, चघळायचा, थुंकायचा, पुढचा घ्यायचा. पावणेनऊच्या सुमारास एकेक जण वर येतो आणि जिथे दाणे पडतात नेमक्या त्याच कोपऱ्यात घुटमळू लागतो. पाहणारा सुखावतो, की आपल्याला ओळखलं! ओळखलं असेलही, नजर तशी बरी असते त्यांची. पण खोलीत चिटपाखरू नसताना मोबाइल लावून चित्रण केलं, तरी मासे त्याच कोपऱ्यात दिसतात.

ही पारख घरी करता येते, फक्त पथ्य पाळावं लागतं. दोन-तीन आठवडे रोज त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात खाद्य द्यायचं. मग एक दिवस काहीच द्यायचं नाही. सकाळी सातपासून अकरापर्यंत चित्रण करायचं आणि दर दहा मिनिटांनी त्या कोपऱ्यात किती मासे आहेत ते मोजायचं. गडबड होते ती खुणांमुळे. पावलांचा आवाज, डब्याचं झाकण, आपोआप खाद्य टाकणाऱ्या यंत्राची घरघर यांवरून मासे वेळ ओळखायला शिकतात. टाकीचा दिवा साडेआठला लागत असेल तर तीही खूणच. खुणा काढून टाकल्या आणि तरी गर्दी झाली, तर ती शरीरातल्या घड्याळाची. प्रयोगशाळेत याहून कडक परीक्षा झाली आहे. चोवीस तास दिवा चालू ठेवला, रात्र अशी होऊच दिली नाही, तरी ठरल्या वेळी जेवणारे गोल्डफिश जेवणाच्या आधी हालचाल वाढवतातच.

हे घड्याळ असतं कुठे? आपल्याकडे मेंदूतला एक छोटा भाग मुख्य घड्याळ सांभाळतो. माशांचा कारभार इतका एकछत्री नाही. झेब्राफिशचं हृदय आणि मूत्रपिंड शरीराबाहेर काढून बशीत ठेवलं, तरी त्या ऊती उजेडावर आपलं घड्याळ लावून घेतात, हे २००० साली दाखवून दिलं गेलं. ज्याच्या मूत्रपिंडालाही सकाळ झालेली कळते, त्याच्या टाकीवर रात्री एक वाजेपर्यंत ट्यूबलाइट ठेवणं अन्यायच. डोक्यावर, कवटीच्या पातळ भागाखाली पिनियल ग्रंथी असते. ती उजेड थेट टिपते आणि अंधार असेपर्यंत मेलॅटोनिन हे रात्रीची वर्दी देणारं संप्रेरक सोडते. दिवा लावला की मेलॅटोनिन उतरतं.

म्हणजे माशाच्या अंगात दोन वेळापत्रकं चालतात, एक उजेडाचं, दुसरं जेवणाचं. घरात भिंतीवरचं घड्याळ एक आणि कुकरच्या शिट्ट्यांचं दुसरं, तसं. यकृत आणि आतडं बरंचसं शिट्ट्यांकडे कान लावून असतं. गोल्डफिशची जेवणाची वेळ बदलली, की यकृतातल्या घड्याळाच्या जनुकांची वेळही सरकते.

हा निरोप यकृतापर्यंत नेतं कोण? एक हलकारा म्हणजे घ्रेलिन, भूक चेतवणारं संप्रेरक. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना ते उंदराच्या जठरात सापडलं, म्हणून जठराचं संप्रेरक अशी त्याची ख्याती. गोल्डफिशला मात्र जठरच नाही! अन्ननलिका संपली की थेट आतडं. त्याचं घ्रेलिन मुख्यतः आतड्याच्या पुढच्या फुगीर भागातून येतं. पोटात कावळे ओरडायला जठर लागतंच असं नाही. घ्रेलिन टोचलं की गोल्डफिशची जेवणाआधीची लगबग वाढते आणि यकृतातली घड्याळाची जनुकंही हलतात.

दुसरा हलकारा कॉर्टिसॉल. माशाला वेगळी अ‍ॅड्रिनल ग्रंथी नसते, मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात विखुरलेल्या पेशी ते काम करतात. कॉर्टिसॉलला आपण ताणाचं संप्रेरक म्हणून बदनाम केलंय, पण यकृताचं घड्याळ लावण्यातही त्याचा हात असतो. ठरल्या वेळी जेवणाऱ्या गोल्डफिशच्या आतड्यात अमायलेज हे पाचक द्रव्य जेवणाआधीच वाढू लागतं, म्हणजे पाहुणे यायच्या आत कणीक भिजवून तयार. कधीही, कसंही खायला घातलेल्या माशांत ही तयारी दिसत नाही. उलट त्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल आणि ग्लुकोज जास्त भरतं. खाद्य तेवढंच, त्रास अवेळीचा.

सोमालियातल्या जमिनीखालच्या पाण्यात फ्रिआटिक्थिस अँड्रुझी नावाचा मासा राहतो. डोळे गेले, खवले गेले, रंग गेला. २०११ मधल्या अभ्यासात दिसलं, की उजेडाने त्याचं घड्याळ लागतच नाही, कारण उजेड टिपणारी प्रथिनंच बिघडली आहेत. जेवण रोज त्याच वेळी दिलं, तर मात्र तोही आधीपासून फेऱ्या मारू लागतो. भिंतीवरचं घड्याळ बंद, शिट्ट्या तेवढ्या ऐकू येतात.

शेततळ्यात मात्र घड्याळाआधी पाण्यातला ऑक्सिजन बघावा. रात्रभर शेवाळंही श्वास घेतं, त्यामुळे पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो, आणि खाल्ल्यावर माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. कटला-रोहूला पहाटे खाद्य टाकणं म्हणजे दोन्हीकडून कोंडी. ऊन वर आल्यावर, नऊ-दहाला टाकावं, आणि टाकावं रोज तेव्हाच. मागूर रात्रीचा गडी, त्याला संध्याकाळ मानवते.

टाकीचं गणित सोपं आहे. दिवा रोज आठ-दहा तास, ठरल्या वेळी. मिट्ट काळोखात एकदम लावू नये, मासे बिथरून काचेवर आपटतात. आधी खोलीत उजेड, मग टाकीत, आणि त्यानंतर अर्ध्या तासाने खाद्य. तीस ग्रॅमच्या गोल्डफिशला दिवसाला वजनाच्या एक टक्का, म्हणजे ०.३ ग्रॅम दाणे पुरतात. स्वयंपाकघरातला काटा एवढंसं वजन दाखवत नाही, म्हणून दहा दिवसांचे तीन ग्रॅम एकदम तोलून दहा पुड्या बांधाव्यात. वेळ बदलायचीच असेल तर रोज पंधरा मिनिटांनी सरकवावी. एका झटक्यात बदलली तर काही दिवस मंडळी जुन्याच वेळेला हजेरी लावतात.

चार दिवस गावाला जायचं असेल तर निश्चिंत जावं, धडधाकट मोठा गोल्डफिश तेवढे उपास सहज काढतो. शेजारच्या काकूंना सांगायचंच असेल तर पुड्यांवर वार लिहून द्यावेत आणि वेळही. सकाळी पुडी दिली तरी संध्याकाळी काकू डोकावतील तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडतीलच, आणि ‘बिचारे उपाशी’ म्हणून काकू चिमूटभर टाकतील, मग आणखी चिमूटभर. न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, अमोनिया वाढतो, आणि परत येईपर्यंत पाणी गढूळ झालेलं असतं. पुड्या टाकीशेजारी ठेवाव्यात. खाद्याचा डबा कपाटात, कुलूप लावून.