जेराल्डीन पेजच का?

अभिनयाच्या शिबिरात कोणीतरी हमखास विचारतं, "ताई, इंग्रजीतली तुमची सगळ्यात आवडती अभिनेत्री कोण?" मी जेराल्डीन पेज म्हणते आणि समोरचे चेहरे कोरे होतात. मेरिल स्ट्रीप माहीत असते, कॅथरीन हेपबर्नचं नावही ऐकलेलं असतं. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "तिच्यात असं काय आहे?" चहाच्या सुट्टीत हे सांगून होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहिते.

मिझुरी राज्यातल्या कर्क्सविल गावी १९२४ साली त्यांचा जन्म झाला. बालपण शिकागोत गेलं आणि तिथल्याच गुडमन थिएटरच्या नाट्यशाळेत त्या शिकल्या. पुढची काही वर्षं छोट्या नाटकमंडळ्यांबरोबर मिळेल ती भूमिका करण्यात गेली. नाव झालं ते १९५२ साली.

टेनेसी विल्यम्सचं 'समर अँड स्मोक' हे नाटक १९४८ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर येऊन फारसं न चालता बंद पडलं होतं. होझे किंतेरो या तरुण दिग्दर्शकाने ते चार वर्षांनी पुन्हा उभं केलं, न्यूयॉर्कच्या शेरिडन स्क्वेअरमधल्या 'सर्कल इन द स्क्वेअर'मध्ये. ही जागा पूर्वी नाइटक्लब होती. प्रेक्षक तीन बाजूंनी बसलेले, पहिली रांग नटाच्या पायाशी. त्यात पेजबाईंनी अल्मा केली. अल्मा पाद्रीची मुलगी, शेजारच्या डॉक्टरच्या मुलावर लहानपणापासून जीव असलेली, घशात अडकल्यासारखी हसणारी, छाती धडधडली की घाबरून जाणारी. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ब्रुक्स अ‍ॅटकिन्सनने भरभरून लिहिलं आणि त्या छोट्या जागेत गर्दी होऊ लागली. ब्रॉडवेबाहेरच्या रंगभूमीला अमेरिकेत मान मिळायला सुरुवात झाली ती या प्रयोगापासून, असं तिथले जाणकार मानतात.

माझ्या मते कॅमेऱ्यापुढचं काम त्या इथेच शिकल्या. हाताच्या अंतरावर प्रेक्षक बसला असेल तर श्वासही खोटा घेता येत नाही. "नाटकाचा अभिनय मोठा, सिनेमाचा छोटा" असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं आणि मुलं ते पाठ करतात. पेजबाईंचं काम पाहिलं की हे वाक्य किती अर्धवट आहे ते कळतं.

या यशानंतर हॉलिवूडचं बोलावणं आलं. 'हॉन्डो' (१९५३) या वेस्टर्नमध्ये जॉन वेनसमोर त्यांनी एका एकाकी रँचवर मुलाला घेऊन राहणारी बाई केली आणि ऑस्करचं पहिलं नामांकन मिळवलं. त्यांचा पुढचा सिनेमा पडद्यावर आला थेट १९६१ मध्ये! मधल्या वर्षांत त्या नाटकं करत राहिल्या. जेम्स डीन सिनेमात जाण्याआधी 'द इमॉरलिस्ट'मध्ये त्यांच्याबरोबर होता. 'द रेनमेकर'मधली लिझी त्यांनी ब्रॉडवेवर उभी केली. सिनेमा निघाला तेव्हा ती भूमिका हेपबर्नकडे गेली आणि ऑस्करचं नामांकनही हेपबर्नला मिळालं. हे वाचताना मला अजून वाईट वाटतं. पेजबाईंची लिझी ज्यांनी पाहिली ते भाग्यवान. आपल्याला ती आता कधीच दिसणार नाही.

'स्वीट बर्ड ऑफ यूथ'च्या बाबतीत मात्र नशिबाने साथ दिली. १९५९ मध्ये एलिया कझानने ते ब्रॉडवेवर आणलं, सोबत पॉल न्यूमन. १९६२ च्या सिनेमातही दोघांच्या भूमिका त्यांच्याकडेच राहिल्या. अलेक्झांड्रा डेल लागो ही उतरणीला लागलेली नटी. पुनरागमनाच्या सिनेमात पडद्यावरचा आपला चेहरा पाहून ती घाबरून पळून गेलेली, दारू आणि एक तरुण यांच्या आधाराने दिवस काढणारी. शेवटाकडे फोनचा प्रवेश आहे, तो मी शिबिरात आवर्जून दाखवते. फोन एका पत्रकाराला लावलेला आहे, आणि आपल्यासाठी तिने दोन शब्द टाकावेत म्हणून तो तरुण, चान्स, शेजारी ताटकळत उभा आहे. पलीकडून कळतं की सिनेमा पडलेला नाही, उलट तुफान चाललाय. आता पेजबाईंकडे नीट बघा. आधी विश्वासच बसत नाही, मग आवाजात धार येते, मग मान वर होते. चान्स शेजारीच आहे, पण त्यांच्या नजरेतून तो कधी नाहीसा झाला ते कळतही नाही. त्यांनी त्याला झिडकारलेलं नाही, त्या त्याला विसरल्या आहेत. संवाद सगळा फोनवरचा, आणि पुसला जाणारा माणूस बाजूला उभा. एकाच वेळी दोन्ही दाखवायला काय ताकद लागते ते, फोनवरचा प्रवेश ज्याने तालमीत करून पाहिलाय, त्याला विचारा.

त्यांच्यावर एक आक्षेप आयुष्यभर घेतला गेला: लकबी फार. हात सतत फडफडतात, वाक्य मध्येच तुटतं, आवाज चिरकतो. काही सिनेमांत मलाही ते जाणवतं. पण माझा अनुभव असा की त्या लकबी पात्राच्या असतात आणि पात्र बदललं की जातात. वुडी अ‍ॅलनच्या 'इंटिरिअर्स'मध्ये (१९७८) त्यांनी ईव्ह केली आहे. घरातली फुलदाणीसुद्धा कुठे ठेवायची हे तीच ठरवणार. नवरा चर्चमध्ये तिला सांगतो की त्याला घटस्फोट हवाय, दुसरं लग्न करायचंय. तोवर हातांना जराही हालचाल न करू देणारी ही बाई समोरच्या पेटत्या मेणबत्त्या एका फटक्यात उधळून लावते. आधी एवढं आवरून धरलं होतं म्हणून तो फटका अंगावर येतो. लकबींवर जगणाऱ्या नटीला हे जमत नाही.

भूमिकेची लांबी त्यांनी कधी मोजली नाही. 'द पोप ऑफ ग्रिनिच व्हिलेज'मध्ये (१९८४) त्या एका पोलिसाची आई आहेत, जेमतेम दोन प्रवेश, आणि त्यालाही ऑस्करचं नामांकन मिळालं. डिस्नेच्या 'द रेस्क्युअर्स'मधली मादाम मेड्युसा आठवते? आरशासमोर खोट्या पापण्या ओढून काढत पोरीशी लाडीगोडीने बोलणारी? तो आवाज त्यांचाच.

तोवर सात नामांकनं झाली होती आणि ऑस्कर एकदाही मिळालं नव्हतं. मग १९८५ मध्ये 'द ट्रिप टू बाउंटिफुल' आला. हॉर्टन फूटचं हे मूळ लेखन दूरदर्शन आणि रंगमंचासाठीचं, १९५३ सालचं. म्हातारी कॅरी वॉट्स ह्यूस्टनच्या दोन खोल्यांत मुला-सुनेबरोबर राहते, भजनं म्हटली की सून डाफरते, पेन्शनचा चेक लपवून ठेवावा लागतो. मरण्याआधी एकदा आपलं गाव पाहायचं म्हणून ती पळून जाते. बसमध्ये शेजारी बसलेल्या एका तरुण मुलीला ती सांगते, नवऱ्यावर माझं प्रेम नव्हतं. ज्याच्यावर होतं त्याच्याशी लग्न झालं नाही, घरच्यांचं वैर होतं. तो रोज आमच्या घरावरून जायचा आणि मी ओसरीत बसायचे, त्याला नुसती मान लववायला मिळावी म्हणून. इथे दुसऱ्या कुणी डोळे पुसले असते. पेजबाईंच्या आवाजात त्या जागी थोडी लाज आहे आणि थोडी फुशारकी आहे, की हो, रोज यायचा तो! सत्तरीच्या बाईत सतरा वर्षांची मुलगी दिसते, तीही मेकअपशिवाय.

मार्च १९८६ च्या ऑस्कर सोहळ्यात एफ. मरे अब्राहमने पाकीट उघडलं आणि नाव वाचण्याआधीच म्हणाला की इंग्रजी भाषेतली सर्वश्रेष्ठ अभिनेत्री मी हिलाच मानतो. स्पर्धेत स्ट्रीप, जेसिका लँग, अ‍ॅन बँक्रॉफ्ट आणि व्हूपी गोल्डबर्ग होत्या. पेजबाई पायातले बूट काढून बसल्या होत्या, ते सापडेपर्यंत सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं होतं.

त्याच काळात त्या न्यूयॉर्कच्या मिरर रेपर्टरी कंपनीत, ब्रॉडवेबाहेरच्या छोट्या थिएटरात नाटकं करत होत्या. हे मला ऑस्करपेक्षा मोठं वाटतं. नाटकात हात तयार झाला की सिरियलमध्ये जायचं, मग सिनेमात, असा हिशेब करून आमच्याकडे मुलं येतात, आणि पोटापाण्यासाठी तो करावाच लागतो, त्यात गैर काही नाही. पण या बाईंनी साठी ओलांडल्यावरही छोटी जागा सोडली नाही. टोनी या ब्रॉडवेच्या नाट्यपुरस्काराची चार नामांकनं मिळाली, टोनी एकदाही नाही. चौथं नामांकन १९८७ च्या 'ब्लाइथ स्पिरिट'साठी, नोएल कावर्डच्या या नाटकात त्या विक्षिप्त मादाम आर्काती करत होत्या. टोनी सोहळा झाल्यावर आठवड्याच्या आतच, १३ जूनच्या शनिवारी त्या प्रयोगाला पोचल्या नाहीत. घरीच हृदयविकाराने त्यांचं निधन झालं होतं, वय ६२.

एक गोष्ट अजून सांगायची आहे. सिसिली टायसन या थोर कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा जन्मही १९२४ चाच, दोघींच्या वाढदिवसांत महिन्याचंही अंतर नाही. टायसनबाईंनी 'बाउंटिफुल' पाहिला आणि अशी भूमिका एकदा मिळावी म्हणून त्या वर्षानुवर्षं वाट पाहत राहिल्या. २०१३ मध्ये ब्रॉडवेवर कॅरी वॉट्स त्यांच्याकडे आली. त्या भजन म्हणायला लागल्या की प्रेक्षागृहातले लोकही त्यांच्याबरोबर गायचे. वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांना टोनी मिळाला. पेजबाईंनी एवढ्या जिवाने केलेली भूमिका पुढे योग्य माणसाच्या हाती गेली, याचं मला फार समाधान आहे.

आता पाहायला कुठून सुरुवात करायची, हेही विचारता म्हणून सांगते. 'बाउंटिफुल'पासून करू नका. आधी 'स्वीट बर्ड ऑफ यूथ' पाहा, फोनचा प्रवेश दोनदा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. मग 'इंटिरिअर्स'. त्यानंतर ट्रुमन कपोटीच्या कथेवरची 'अ ख्रिसमस मेमरी' ही १९६६ ची टीव्ही फिल्म मिळाली तर सोडू नका, केक करणाऱ्या त्या भाबड्या बाईसाठी त्यांना एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला होता. 'बाउंटिफुल' सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून.