परभणीचं ऊन अंगात मुरवून सहारात

सहारात पळायला जायचं ठरलं तेव्हा पुण्या-मुंबईच्या धावपटूंनी विचारलं, एवढं ऊन सोसेल का? परभणीत हा प्रश्न कोणालाच पडला नाही. पण नुसतं परभणीत जन्मून ऊन सोसत नाही. आम्ही नोकरदार माणसं मार्च सरला की अकरानंतर कूलरपुढेच असतो. ऊन अंगवळणी पाडावं लागतं आणि त्याला हिमतीपेक्षा धीर जास्त लागतो.

मॅराथॉन दे साब्ल ही दक्षिण मोरोक्कोतली शर्यत 1986 पासून होते. सुमारे 250 किलोमीटर, टप्प्याटप्प्याने, आठवडाभर. त्यातला लांबचा टप्पा 80 किलोमीटरच्या आसपास. दुपारी पारा 50 कडे सरकतो. पाणी आणि तंबू आयोजकांचे. बाकी आठवड्याचं खाणं, अंथरूण, होकायंत्र, विष ओढून काढायचा पंप, सगळं आपल्या पाठीवर.

शर्यत एप्रिलमध्ये असते, हे आपल्या पथ्यावर पडतं. शरीर उन्हाला सरावायला दहा ते चौदा दिवस घेतं. रोज तासभर अंग तापू द्यायचं. मग रक्तातला पातळ भाग वाढतो, हृदयावरचा ताण उतरतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पण ऊन चुकवलं की हा सराव काही दिवसांतच ओसरायला लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत बराचसा निघून जातो. थंड देशांतले धावपटू त्यासाठी गरम पाण्याच्या टबात बसतात. मला परभणीचा मार्च होता.

शाळा सकाळची झाली की माझी दुपार मोकळी. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर आधी नऊ वाजता, मग दहा, असं करत दुपारी तीनपर्यंत आले. वेग मुद्दाम कमी. महिनाअखेरीस त्याच वेगाला नाडीचे ठोके कमी पडू लागले, तेव्हा खात्री पटली की शरीर शिकतंय.

वाळूसाठी गंगाखेडला जायचे. उन्हाळ्यात गोदावरीचं पात्र उघडं पडतं, तिथे पाठीवर वजन घेऊन चालणं हा सगळ्यात उपयोगी सराव ठरला. वाळू उपसून पडलेले खड्डे पाहून मात्र दरवेळी जीव तुटायचा. नदीकाठच्या शेतात खुरपणाऱ्या बाया लिंबाखाली सावलीला बसलेल्या असत. त्यांच्यातल्या एक मावशी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "काहून पळायलात बाई एवढ्या उन्हात?" सांगितल्यावर हसल्या नाहीत. "मग पाणी घटाघटा पिऊ नका. घोट घोट प्या, अन् रुमाल ओला करून मानंवर ठेवा." हेच मी पुढे तिथे तंतोतंत केलं. उन्हातल्या कामाचं शहाणपण या बायांकडे आहे आणि त्यांना कोणी ते विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

खाण्याचा हिशोब वजनाचा असतो. दिवसाला किमान 2,000 कॅलरी सोबत असल्याच पाहिजेत, आणि प्रत्येक ग्रॅम आपल्याच खांद्यावर. मी सातूचं पीठ, गूळ, भाजलेले शेंगदाणे आणि तिखटमीठ नेलं. सातू गार पाण्यात कालवता येतो, चूल लागत नाही.

तिथलं ऊन आपल्यासारखंच कोरडं. घाम दिसतच नाही, येतो तसा उडून जातो; सदऱ्यावर पांढरे मिठाचे पट्टे तेवढे उरतात. अशा वेळी नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून तहान लागेल तसं पाणी आणि ठरावीक अंतराने मीठ. पाय सुजतात म्हणून बूट एक माप मोठे घेतले होते, त्यावर वाळू आत जाऊ नये म्हणून कापडी गेटर शिवून घेतले होते.

लांबच्या टप्प्यात दुपारी पुढचा एक धावपटू वाकडातिकडा चालू लागला. नाव विचारलं तर भलतंच बोलला. अंग मात्र घामाने ओलं होतं. उष्माघातात घाम थांबतो असं आपण धरून चालतो. पळताना होणाऱ्या उष्माघातात तो चालूही असतो. बोलणं बिघडणं ही खरी खूण. चौकीवरच्या डॉक्टरांनी त्याला कुठे हलवलं नाही. सावलीत आडवं केलं, कपडे सैल केले, अंगभर पाणी ओतून वारा घालत राहिले. तो सावरल्यावरच गाडी आली. आपल्याकडे असा माणूस आधी जीपमध्ये कोंबतात आणि तालुक्याच्या रस्त्यावर तो तसाच तापत राहतो. हे मी आता शाळेत, पालकसभेत, जिथे ऐकतील तिथे सांगते.

सगळ्यांच्या मागून उंट चालतात. ते पुढे गेले की शर्यत संपली. मी त्यांच्या पुष्कळ पुढे होते, तरी रात्री बॅटरीच्या उजेडात ढिगाऱ्यांवरून चढताना सारखी मागे बघायचे. पहाटे तो टप्पा पुरा झाला. नंतरचे टप्पे फोडांवर पट्ट्या चिकटवून काढले.

यंदा विद्यापीठाच्या रस्त्यावर दोघी-तिघी माझ्यासोबत यायचं म्हणतात. त्यांची सुरुवात फेब्रुवारीत, सकाळी नऊला. तीनच्या उन्हात इतक्यात नेणार नाही.